बाबासो मिस्त्रीनं पसरलेली पावडर

या आठवड्यात शेतीपंपाची वीज रात्रीची होती. उसाला पाणी द्यायला माझा नवरा राजवीर दिवस मावळायच्या आतच मळ्यात गेला होता. त्याचा डबा घेऊन नणंद स्नेहल आणि मी निघालो. लग्नाला जेमतेम तीन महिने झालेल्या सुनेनं रात्रीचं मळ्यात जायचं नसतं, असं सासूबाई म्हणाल्या. मग डबा कोण नेणार, असं मी विचारलं नाही. नुसती डब्याकडं बघत राहिले. या घरात न बोलता बरंच काही होऊन जातं, हे मला एव्हाना कळलंय.

मळ्यात नाना होते. नाना म्हणजे आकाराम, माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ. ते अजून माझ्याशी बोलत नाहीत. माझ्याविषयी बोलतात, माझ्यादेखत, पण राजवीरशी. "हिला थंडी वाजत असंल." "हिनं कवा ऊस उभा बघितलाय का?" मी इचलकरंजीची. पण जिथं दारातून ऊस दिसत नाही ते सगळं नानांच्या लेखी पुणं.

मोटारीच्या खोलीपुढं शेकोटी केली होती. स्नेहल हरभऱ्याचे डहाळे भाजत होती, मी घाटे सोलून ताटलीत टाकत होते आणि नाना ताटली रिकामी करत होते. वीज यायला अवकाश होता. बोलता बोलता राजवीर म्हणाला, "नाना, एक जुनी पिकअप बघून ठेवलीया. यार्डातली. हप्ते थकले म्हणून ओढून आणलेली."

नानांचा हात ताटलीतच थांबला.

"कुणाची?"

"आता कुणाची का असंना. इंजन बघायचं, टायर बघायचं."

"कुणाची ते इच्यारलंस का?"

"न्हाय."

नानांनी हातातले दाणे ताटलीत परत टाकले. मग म्हणाले, "हिला आन् स्नेहलला घरी सोडून ये. मग सांगतो."

"का? आमी काय घोडं मारलंय?" स्नेहल म्हणाली. "बाईमाणसानं ऐकायचं नसंल तर मग ऐकायलाच पायजे."

मी काही बोलले नाही, घाटे सोलत राहिले. न बोलणाऱ्या माणसाला सहसा कुणी उठवत नाही.

"बसा," नाना म्हणाले. "पर मधी हसायचं न्हाय. ही काय रचलेली गोष्ट न्हाय. बाबासो मिस्त्रीनं माझ्यासमोर बसून सांगितलीया, आन् सांगताना माझं मनगट धरून बसला हुता. सोडतच नव्हता."

पुढचं मी लिहितेय ते नानांनी सांगितलं तसं. बोलणं ज्याचं त्याचं, मधली भाषा माझी.

*

दोन हजार चोवीस साल. डिसेंबरची तीस तारीख, सोमवार. सोमवती अमावस्या.

बाबासो मिस्त्रीचं गॅरेज मुदाळ तिट्ट्याजवळ, बिद्रीकडच्या रस्त्याला. पुढं पत्र्याचं शेड, मागं घर. घरात तो आणि त्याची म्हातारी आई चिमणाबाई. बायको मागंच वारलेली. एकुलती एक मुलगी प्रीती, तिनं त्याच वर्षी संग्राम नावाच्या पोराशी लग्न केलं होतं. केलं म्हणजे काय, रजिस्टर करून आली आणि मग सांगितलं. बाबासोनं जावयाला शिवी दिली नाही, मारायला धावला नाही. त्यानं त्याला 'पावणं' म्हणायला सुरुवात केली. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला म्हणतात तसं. अहोजाहो करून.

त्यात संग्रामनं भाजीच्या धंद्याला जुनी पिकअप घेतली, तीही मिस्त्री सासऱ्याला न विचारता. हे रजिस्टर लग्नापेक्षा जास्त लागलं, असं नाना म्हणाले.

त्या संध्याकाळी तीच पिकअप गॅरेजपुढं येऊन थांबली. बाबासो दुसऱ्या गाडीखाली होता. तिथूनच त्यानं चपला ओळखल्या.

"या पावणं. वाट चुकली वाटतं."

"मामा, गाडीत वास यायलाय."

"भाजीची गाडी म्हटल्यावर यायचाच. कोबी कुजला असंल."

"ऑईल करपल्याचा यायलाय."

"मग उद्यमनगरात जावा की. गाडी घेताना कुठं मामा आठवला?"

"जाऊन आलोय. दोन गॅरेजं झाली. टॅपेट कव्हरचं पॅकिंग नवं टाकलं, वास हाय तसाच." संग्राम जरा थांबला. "प्रीती म्हणाली, बाबांकडं जावा. मी आलो नसतो."

"मी बी बोलावलं नसतं."

एवढं झाल्यावर बाबासो गाडीखालून बाहेर आला. त्याला संग्रामचा चेहरा दिसला. पोरगा वाळला होता. डोळ्याखाली काळं.

"नुसता वास असता तर सोसला असता," संग्राम म्हणाला. "वास आला की माझं मलाच कळत न्हाय मामा. परवा प्रीती शेजारी हुती. ती सांगत्या, कालव्याच्या पुलावर मी गाडी उभी केली, लाईट बंद केली, खाली उतरून बॉनेट उघडलं आन् तिथंच उभा राहिलो. तिनं दोन कानाखाली दिल्या तवा शुद्धीवर आलो. मला ह्यातलं काय बी आठवत न्हाय."

बाबासोच्या हातातला पाना हातातच राहिला. कालव्याच्या पुलावर हंगामात उसाच्या ट्रॅक्टरांची रांग असते. तिथं अंधारात गाडी उभी करणं म्हणजे…

जावयाचं जे व्हायचं ते होवो, पण शेजारच्या सीटवर आपली पोरगी बसते. त्यानं बॉनेट उचललं.

*

बाबासो नाकाचा मिस्त्री. क्लच जळला तर कागद जळल्यासारखा वास, ब्रेक चिकटला तर वेगळा, आणि ऑईल सायलेन्सरवर टपकलं तर तापलेल्या तव्यावर तेल करपल्यासारखा. त्यानं एकेक विचारून घेतलं. धूर निळा येतो का? येत नाही. चढाला वास वाढतो का? नाही, सपाटीलाच येतो. ऑईल कमी होतं का? पट्टी ओढून बघितली, पातळी जिथल्या तिथं. ऑईल भरायच्या टोपणाचं वायसर चिरलेलं दिसलं, ते बदललं. टर्बोचा पाईप कोरडा. सायलेन्सरवर डाग नाही. गाडीखाली पुठ्ठा सरकवून ठेवला, त्यावर थेंब नाही.

ऑईल कुठं गळतच नव्हतं. मग जळत काय होतं?

बॅटरीच्या ट्रेकडं त्याचा हात गेला आणि तिथं बोटाला एक जुना टाका लागला. वेल्डिंगचा. वाकडा, जाड, शेवटी वळवून आणलेला. बाईनं आपल्या हातची भाकरी ओळखावी तसा मिस्त्री आपला टाका ओळखतो. रंग बदलला होता, नंबरप्लेट नवी होती, दर्शनी पत्रा सगळा नवा होता. पण टाका बाबासोचा होता.

विश्वजितची गाडी.

विश्वजित म्हणजे त्या भागातला, आपल्या पिकअपनं शीतकरण केंद्राचं दूध वाहणारा पोरगा. आडदांड, तोंडाचा फटकळ. बाबासोला कुणी मामा म्हणो, अण्णा म्हणो, हा 'मिस्त्री' म्हणायचा. "ए मिस्त्री, तेल बघितलंस का?" अशीच त्याची हाक. आधीच्या हंगामात एका रात्री त्याची गाडी कालव्याच्या पुलावर तिरकी बंद पडली. बॉनेट उघडून, पुढं उभा राहून बघत होता. मागून उसाचा ट्रॅक्टर आला. पिकअप पुढं ढकलली गेली, पुढं पुलाचा कठडा. मधे विश्वजित. सोडवायला वेळ लागला. तेवढा वेळ त्याचा हात तापलेल्या इंजिनवर होता.

हे सगळं बाबासोला ठाऊक होतं. गावाला ठाऊक होतं. संग्राम लांबचा, त्यालाच तेवढं ठाऊक नव्हतं.

"आन् बाबासोनं सांगितलं न्हाय," नाना म्हणाले.

"का?" राजवीरनं विचारलं.

"का म्हंजे? मेलेल्याची गाडी आणलीया जावयानं, सासऱ्याला न इच्यारता. हे असं फुकट सांगून टाकायचं? दहा माणसांत सांगायला ठेवलं त्यानं."

स्नेहल हसायला गेली, पण नानांकडं बघून थांबली. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. माझ्या माहेरी आणि सासरी दोन्हीकडं असं ठेवून देणारी माणसं आहेत.

*

गळती सापडत नसली की मिस्त्री लोकांची एक रीत असते. इंजिन डिझेलनं धुवायचं, कंप्रेसरच्या हवेनं सुकवायचं आणि वरून तोंडाला लावायची पावडर भुरभुरायची. मग गाडी पळवून आणायची. जिथून ऑईल झिरपतं तिथली पावडर भिजते, काळी रेघ उमटते. लपायला जागाच उरत नाही.

कपाटात प्रीतीचा पावडरचा जुना डबा होता. बाबासोनं इंजिन धुतलं, सुकवलं, इंजिनच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरवर, सायलेन्सरच्या बाजूला, सगळीकडं पांढरा थर बसवला. बल्बच्या उजेडात इंजिन पिठात पडल्यासारखं दिसत होतं.

चिमणाबाई दारात येऊन उभी राहिली. म्हातारीला डोळ्यानं कमी दिसायचं, पण पांढरं दिसलं.

"बाबासा… पीठ कशाला पसरलंस? कोण गेलंय?"

"पीठ न्हाय आये. पावडर हाय. तेल कुठनं गळतंय ते बघायला."

"काय का असंना. आज आवस हाय."

ही चाल ठाऊक नसेल तर सांगते. नानांनीही ती मला, म्हणजे राजवीरकडं बघून, सांगितली. माणूस गेला की जिथं त्याचा प्राण गेला तिथं दिवा लावतात, दिव्याभोवती पीठ पसरतात, वर पाटी झाकतात. रात्रीतून त्या पिठात काहीतरी उमटतं. पाखराचं पाऊल, जनावराचं, कुणाचं काय. सकाळी घरचा माणूस पाटी उचलतो आणि बघितलेलं मोठ्यानं सांगतो. सांगावंच लागतं. ओळखून मुकाट बसलं तर आलेला परत जात नाही. तिथंच बसून राहतो.

चिमणाबाई दाराला धरून म्हणाली, "ह्या गाडीत कोण गेलंय का?"

बाबासोनं बॉनेट आपटलं.

"न्हाय," तो म्हणाला.

*

संग्राम चालवायला बसला. बाबासोनं आधी एक फेरी मारली होती, तेव्हा वास आलाच नव्हता, म्हणून. बाबासो शेजारी, मांडीवर उजेडाची बॅटरी. गारगोटीच्या रस्त्याला लागले. दोन्ही बाजूला ऊस, आणि चंद्र नाही. हेडलाईटच्या पलीकडं काहीच नव्हतं.

"गाडी बघायची अक्कल नव्हती तर इच्यारायचं हुतं," बाबासो म्हणाला.

"इच्यारलं असतं तर घेऊ दिली असती का?"

"न्हाय."

"मग?"

"प्रीतीला गाडीत बसवत जाऊ नगा, पावणं."

"ती ऐकत्या व्हय माझं? तुमची लेक हाय."

हे त्या रात्रीचं त्या दोघांमधलं शेवटचं धड बोलणं. बाबासोला हसू येणार होतं, असं तो म्हणाला. येणार होतं, तेवढ्यात वास आला.

आधी हलका. ब्लोअरमधून आल्यासारखा. मग एकदम घशात. तव्यावर तेल करपतंय, आणि तेलाबरोबर आणखी काहीतरी करपतंय. बाबासोला वास ओळखता येतात. हा त्यानं ओळखला आणि ओळख पुसून टाकली.

"थांबव," तो म्हणाला.

संग्रामनं गाडी कडेला घेतली. बाबासो एकटाच उतरला. बॉनेट उचललं, बॅटरी मारली.

पावडर कोरडी होती. सायलेन्सरकडं कोरडी. टर्बोकडं कोरडी. एक थेंब नाही. रेघ नाही.

टॅपेट कव्हरवर हात उमटला होता.

पाच बोटं. पंजा. माणसाचा. आतून, खालून वर आलेला. खोल दरीतून वर येताना माणूस काठाला धरतो तसा.

इंजिन इतकं तापलं होतं की वरची हवा हलत होती. तिथं कुणाचा हात टिकला नसता.

"काय दिसलं, मामा?" केबिनमधून आवाज आला.

बाबासो बघत राहिला. आता सांगायला हवं होतं, हे त्याला कळत होतं. आईचं बोलणं कानात होतं. पण तोंड उघडलं तर गॅरेजात गप्प बसलो ते बाहेर येणार. जावयापुढं.

"काय न्हाय," तो म्हणाला.

बॉनेट लावलं. आत येऊन बसला.

"गाडी वळव."

"पुलाजवळ वळवतो. हितं वळायचं न्हाय."

गाडी निघाली. वास कमी झाला नाही. बाबासोनं काच खाली केली. बाहेरची हवा गार होती, वास गरम होता. वास बाहेरून येत नव्हता. इंजिनकडूनही येत नव्हता.

त्यानं गियरवरच्या हाताकडं बघितलं.

मीटरच्या उजेडात संग्रामचा हात पांढरा दिसत होता. पंजा, बोटं, नखं. पावडरीनं भरलेला.

संग्राम गाडीतून उतरला नव्हता. त्यानं इंजिनला हात लावला नव्हता.

"पावणं…"

उत्तर नाही.

"संग्राम."

गाडीचा वेग वाढत होता. संग्राम समोर बघत होता. पापणी हलत नव्हती.

"संग्राम, थांबव गाडी."

मग तो बोलला. समोर बघूनच.

"ए मिस्त्री," तो म्हणाला. "तेल बघितलंस का?"

*

इथं नाना थांबले. शेकोटीतलं लाकूड त्यांनी उगाच उलटं केलं. राजवीर म्हणाला, "मग?" स्नेहल माझ्या जवळ सरकली होती, एरवी ती माझ्या ताटाजवळसुद्धा सरकत नाही.

"मग काय," नाना म्हणाले. "पूल आला."

*

गाडी पुलावर तिरकी झाली. तोंड कठड्याकडं. लाईट बंद. इंजिन चालूच. संग्राम उतरला. पुढं गेला. बॉनेट वर झालं. इंजिन आणि कठडा यांच्यामधल्या जागेत जाऊन उभा राहिला. पाठमोरा नाही… वाकलेला. इंजिनकडं तोंड करून.

बाबासो धावला. दंड धरून ओढलं.

हलला नाही. दंड भाजत होता. शर्टातून. सायलेन्सरसारखा.

"चल बाहेर. चल… संग्राम…"

काही नाही.

लांबून गाणं ऐकू आलं.

ट्रॅक्टरवर लावतात तसं. ढोलकी, आणि बाईचा चढा आवाज. उताराला लागलेला ट्रॅक्टर. मागं दोन ट्रॉल्या. उसानं शिगोशीग. लगेच थांबणं त्याच्या हातात नसतं.

बाबासोनं बॅटरी काढली. बटण दाबलं. पेटली नाही. परत दाबलं.

पेटली नाही.

गाणं मोठं झालं.

"ओळखलंस की, मिस्त्री." संग्रामच्या तोंडातून. खालच्या आवाजात. "गॅरेजातच ओळखलंस."

"…"

"टाक्यावर बोट फिरवलंस."

"…"

"मग बोलला का न्हाईस?"

बाबासोला बोलायचं होतं. रस्त्याच्या कडेचा ऊस उजळायला लागला. ट्रॅक्टर वळणावर.

"माझ्याच गाडीत बसलास. माझंच इंजन धुतलंस. बोलवून घेतलंस. आन् म्हणतोस… काय न्हाय."

उजेड पुलावर आला. त्या उजेडात बाबासोला टॅपेट कव्हरवरचा हात दिसला. आता तो एक नव्हता. सगळीकडं होते. पावडर उरलीच नव्हती जवळजवळ. हातावर हात. हातावर हात. वर येणारे.

गाणं कानात मावत नव्हतं.

समोर जावई. जाईल. आता जाईल. प्रीतीला काय सांगणार…

बाबासोनं उजवा हात टॅपेट कव्हरवर ठेवला. त्या पंजावर पंजा.

चर्रर्र झालं.

"विश्वजित!" तो ओरडला. "ओळखलं तुला! ही गाडी तुझी. हात तुझा. गॅरेजातच ओळखलं हुतं. मुद्दाम बोललो न्हाय. चुकलो. माणसाचा हात हाय… माणसाचाच… बघितला मी!"

आणि हात न उचलता पुसत गेला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. कातडं मागं राहत होतं. पुसत गेला.

डाव्या हाताखालच्या संग्रामच्या दंडातली ताकद एकदम गेली.

"मामा…?"

एवढा एक शब्द. बाबासोनं डाव्या हातानं त्याला बखोटीला धरून फरफटवलं आणि दोघं रस्त्यावर पडले.

ट्रॅक्टर आला.

पिकअप कठड्याला जाऊन बसली. पुढचा पत्रा, इंजिन, कठडा, सगळं एक झालं. इंजिन आणि कठड्यामधली ती जागा… आता नव्हतीच.

गाणं चालू राहिलं. ट्रॅक्टरवाला उतरला तरी चालू राहिलं.

*

"संग्राम?" स्नेहलनं विचारलं.

"त्याला काय हुतंय. हाय की. तिट्ट्याच्या पुढचं काय बी आठवत न्हाय म्हणतोय. अजून सासऱ्याला उलट बोलतोय. बाबासो बी त्याला पावणंच म्हणतोय." नानांनी तंबाखू मळली, पण तोंडात टाकली नाही. "गाडी भंगारात गेली. तुकडे हुस्तोवर बाबासो तिथं उभा हुता."

राजवीरनं मोठा श्वास सोडला. "मग संपलं म्हणायचं."

"संपलंच म्हणत हुतो आमी बी."

लांब कुठंतरी कुत्रं भुंकलं आणि मधेच थांबलं.

"मी तवा दूध शीतकरण केंद्राच्या गेटावर राखणीला हुतो," ते म्हणाले. आणि पहिल्यांदा ते माझ्याकडं बघून बोलत होते, राजवीरकडं नाही. "गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. भर दुपार. केंद्राची गाडी बंद पडली म्हणून बाबासोला बोलावलं हुतं. हात बरा झालावता. सगळा पंजा नव्या कातड्याचा. गुलाबी, लहान पोराचा असतो तसा. मला दाखवला. म्हणाला, नाना, रेशनला अंगठा लागंना झालाय. मोबाईल बी उघडंना. मशीनीला मी म्हाईतच न्हाय म्हण."

"गेटावर हजेरीचं मशीन हाय. अंगठ्याचं. लई खोडीचं. माझाच अंगठा चारदा मागायचं. अंगठा पटला न्हाय की इंग्लिशमधी म्हणतंय, परत लाव. पटला की म्हणतंय थँक्यू. मी गमतीनं म्हटलं, लाव मिस्त्री अंगठा. लागतोय का बघू. कुठं बी लागत न्हाय म्हणतोस, तर हितं तरी लाव."

"लावला?" स्नेहल कुजबुजली.

"लावला. पहिल्या झटक्यात थँक्यू म्हणालं."

विस्तव खाली बसत आला होता. लाकूड घालायला कुणाचा हात पुढं झाला नाही.

"पडद्यावर नाव आलं. केंद्राच्या गाड्यांवरची समदी पोरं त्या मशीनमधी हुती. मेल्या माणसाचं नाव काढायचं कुणाच्या ध्यानात येतंय?" नानांनी मळलेली तंबाखू तळहातावर तशीच धरली होती. "आमी दोघांनी बी वाचलं. बाबासोनं आधी वाचलं."

"मी म्हटलं, परत लाव. एकदा आत आल्याची येळ लागती, दुसऱ्यांदा लावला की भाईर गेल्याची. लाव, लाव, म्हंजे भाईर गेला असं तरी लागंल. बाबासोनं लावला. मशीन म्हणालं, परत लाव. पुसून लावला. परत लाव. त्याच्या डोळ्यातनं पाणी याय लागलं. सांज हुस्तोवर लावत हुता. कातडं सोललं. न्हाय घेतलं मशीननं."

नाना उठले. धोतर झटकलं. जाता जाता म्हणाले, तेही माझ्याचकडं बघून,

"केंद्राच्या मशीनमधी विश्वजित आत आलाय. भाईर गेल्याची येळ… ती जागा अजून मोकळीच हाय."